मोहाखालची राख

२४ फेब्रुवारी

सुनीलने पांढरकवड्याहून ही डायरी आणली. बियाण्याच्या दुकानातली फुकटची आहे, वर कापसाच्या बोंडाचं चित्र. म्हणाला, "घे. दिवसभर स्वतःशीच बोलून राह्यतेस, आता हिच्याशी बोल." नवरा चिडवायचा एक मोका सोडत नाही. पण आणली खरी.

तर डायरीबाई, मी वर्षा. माहेर दारव्ह्याकडचं. तिकडे सगळा सपाट मुलूख, कापूस नाहीतर तूर, नजर जाईल तिथपर्यंत आभाळ. लग्न होऊन या तांड्यात आले त्याला अजून वर्ष नाही झालं. झरीच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी आमचा तांडा. शेवटचं घर संपलं की जंगल सुरू. घरात आम्ही गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली, बोलतो, पण लिहायला मी मराठीतच शिकले, म्हणून मराठीत.

तांड्यात मला अजून सगळे 'दारव्ह्यावाली' म्हणतात. नावाने हाक मारणारी एकच, शेजारची लालीबाई. सासूपेक्षा थोडी लहान, गोठ्यात दोन बैल, तोंडाचा पट्टा चालू. पहिल्या दिवशी मी रडत होते तर तिने भिंतीवरून भाकर दिली आणि म्हणाली, "रडून घे, मंग खा. रडता रडता खाल्लं का ठसका लागते." तेव्हापासून ती आहे म्हणून मी आहे.

माझ्या सासूला, नंदाबाईला, मी याडी म्हणते. याडी म्हणजे आई. ती फार बोलत नाही. पण आज तव्यावरची भाकर उलटताना म्हणाली, "नाल्याजवळचा मोह औंदा तुया." मी चुलीपुढे तशीच बसून राहिले. इथे प्रत्येक घराचे मोह ठरलेले असतात. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. सून घरची झाली असं वाटेल तेव्हा सासू तिला झाड देते. म्हणजे मी झाले म्हणायचं.

४ मार्च

या वर्षी थंडी आलीच नाही. संक्रांतीनंतर चार दिवस गोधडी घेतली असेल, मग पंखा. लालीबाई म्हणते, पूर्वी शिमग्यापर्यंत सकाळी पाय दवाने भिजायचे. मी अनवाणी अंगणात जाऊन पाहिलं. कोरडं ठण्ण.

संध्याकाळी तेलंगणाच्या बाजूच्या डोंगरावर आग दिसली. अंधार पडायच्या जरा आधी एक बारीक केशरी रेघ उमटली, ती हळूहळू वर चढत गेली आणि माथ्यावर जाऊन मोडली. मी भांडी तशीच टाकून बघत बसले. कोणी दिवे घेऊन डोंगर चढतंय असं वाटत होतं. सुनील म्हणाला, एप्रिलमध्ये लागायचा वणवा, औंदा लवकर सुरू झाला. मला त्याचं काही वाटलं नाही. दूर होतं.

१४ मार्च

आमच्याकडे होळी पहाटे पेटते. माहेरीही तसंच. पण इथे मागे डोंगर असल्यामुळे लेंगीचा, होळीच्या गाण्यांचा, आवाज फिरून परत येतो, जणू डोंगरापलीकडे दुसरा तांडा गातोय. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, गाण्यातून एकमेकांची खेचाखेची. मी कडेला उभी होते. लालीबाईने हाताला धरून ओढलं. "दारव्ह्यात नाचत नाईत का वं?" मग नाचले. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, बाबुलालकाका डफ घेऊन मध्ये उभे होते, तेही हसले. होळीचा धूर, पोरींच्या फेटिया घागऱ्यांवरच्या आरशांत जाळ, आणि कुठूनतरी मोहाचा पहिला गोड वास. घरी येऊन झोपले तरी अंग नाचतच होतं.

१९ मार्च

आज माझ्या झाडाखालचा पाला जाळला.

मोहाची फुलं पहाटे पडतात. खाली साग-सालईचा वाळका पाला असेल तर ती त्यात हरवतात, म्हणून फुलं पडायच्या सुमारास झाडाखाली बेताची आग लावून जमीन साफ करायची. सगळे करतात. वनखात्याची माणसं दरवर्षी येऊन नका करू म्हणून सांगतात, मान हलवून सगळे हो म्हणतात आणि करतात.

याडी येणार होती, पण तिचा गुडघा सुजला. रुईची पानं शेकून बांधली आणि बाजेवर पडली. मला तीनतीनदा सांगितलं. "उजाडाच्या आधी लावजो. दव असते तवा इस्तव बसून जळते, पळत नाई. पळसाची हिरवी फांदी घेऊन मारत राह्यजो. अन् राख थंडी होईस्तोवर उठजो नको. हात घालून पाह्यजो."

गेले. दव नव्हतं, पण वाराही नव्हता. काडी लावली तर पाला असा सळसळत पेटला की मीच दचकले. पळसाच्या फांदीने चौफेर मारलं, झाडाभोवती गोल काळं झालं, बाहेर एक पानही पेटू दिलं नाही. घामाने निथळले, पण छान झालं. मग बुंध्याशी बसले. वर फुलांचे घोस, अजून मिटलेले. सूर्य सालईच्या फांद्यांतून येत होता आणि धुराच्या पट्ट्या उन्हात उभ्या राहिल्या होत्या, एकावर एक. किती वेळ बसले ते कळलं नाही. डोळा लागला असावा. स्वप्नात मी माहेरच्या कापसाच्या शेतात होते आणि सगळी बोंडं एकदम फुटत होती.

जागी झाले तेव्हा ऊन चढलं होतं. आईचा फोन यायचा होता आणि तांड्यात रेंज नाही, वर खडकावर जावं लागतं. निघाले. वळून पाहिलं तर काळ्या गोलाच्या काठावर सालईचं एक जुनं पोकळ खोड होतं, त्यातून धुराचा एक बारीक दोरा निघत होता. एखादा म्हातारा आत बसून चिलीम ओढतोय म्हणावं. हसू आलं.

याडीने विचारलं, "राख हातानं पाह्यली?" मी हो म्हटलं. एवढ्याशा राखेत कुठे हात काळे करायचे. ती खूश झाली असावी, कारण गुडघा दुखत असून माझ्यासाठी चहा तिने केला.

२० मार्च

नाल्याच्या बाजूला सकाळी निळं धुकं होतं. मार्चमध्ये धुकं! लालीबाईला दाखवलं. तिने डोळे बारीक करून पाहिलं, म्हणाली, "धुकं नोय वं, कोनीतरी पाला जाळते." तिच्यात काव्य नाही.

२४ मार्च

आता आम्ही शेजारच्या गावच्या शाळेत आहोत. डायरी माझ्या कमरेला ओच्यात होती म्हणून वाचली. तीन दिवस लिहायचं म्हणते आणि हात उचलत नाही.

२१ तारखेला दुपारी वारा सुटला. गरम, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा. आधी एक ससा आला, तांड्याच्या मधल्या वाटेने सरळ पळत गेला. पोरं हसली. मग चितळं आली, आमच्या अंगणातून, आमच्याकडे न बघता. मग कोणी हसलं नाही. बाबुलालकाकांनी नगारा बडवायला घेतला.

मी वर पाहिलं. खरं लिहिते, इथे खोटं कशाला. ते सुंदर होतं. जंगलाच्या काठावर सगळी झाडं एकदम उजळली, पानगळ झालेल्या फांद्यांना ज्वाळांची पानं आली. जळकी पानं आभाळातून सावकाश उतरत होती, कडेला लाल आणि आत काळी. मी उभी राहून बघत होते. कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडत होतं आणि ते मला फार लांबून ऐकू येत होतं. लालीबाईने येऊन थोबाडीत मारली तेव्हा मी पळाले.

प्रत्येक घरामागे पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीग असतो, सरपणासाठी. गुरांसाठी कुटाराच्या गंज्या असतात. भिंती तुराट्यांच्या. आगीला एका घरावरून दुसऱ्या घरावर जायला काहीच लागलं नाही. आम्ही सगळे नाल्याच्या कोरड्या रेतीत बसलो, ओल्या लुगड्यांखाली. याडीला सुनीलने पाठीवर आणलं. आवाज असा होता की वरून मोठी गाडी जातेय आणि संपतच नाही.

लालीबाईचे बैल गोठ्यात बांधलेले होते. तिचा नवरा देवीलाल दावं सोडायला मागे गेला. परत आला तेव्हा दोन्ही हात पुढे धरून आला, जसं काही कोणाला द्यायला आणलंय. हात पार भाजले होते. बैल आले नाहीत. त्यांचं हंबरणं आम्ही ऐकलं. लालीबाईने कान झाकले नाहीत. ती शेवटपर्यंत ऐकत बसली.

संध्याकाळी परत गेलो तर तांडा नव्हता. वाकलेले पत्रे आणि चुली होत्या. चुली बऱ्या राहिल्या, त्यांना आगीची सवय. माणूस मेलं नाही हीच देवाची कृपा, असं सगळे म्हणतात. बैलांना दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधाशी पुरलं.

एवढी मोठी आग कुठून आली कोण जाणे.

२६ मार्च

याडी आज कोणाला न सांगता काठी टेकत जंगलात जाऊन आली. दुखऱ्या गुडघ्याने. विचारलं, कुठे गेली होतीस? "झाड पाहाले." झाड आहे? "हाय." एवढंच. तिचे दोन्ही तळवे काळे होते. धुवायला पाणी दिलं तर तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग धुतले. वय झालं की माणूस कशातही जीव अडकवतं. घर जळलं आणि हिला झाडाची पडली.

२८ मार्च

लालीबाई आणि मी शाळेच्या ओट्यावर शेजारी चुली मांडल्यात, तीन-तीन विटांच्या. ती देवीलालला भरवते, कारण हातांना पट्ट्या आहेत. भरवताना त्याला शिव्या देते, "तोंड उघड, बैलासारखं," आणि मग मध्येच गप्प होते. मी तिच्या वाटचं पाणी भरते. तिने काल माझ्या केसांतली राख काढून वेणी घालून दिली. "तुले मारलं त्या दिवशी," म्हणाली, "लागलं का वं?" मी म्हटलं, अजून मार. हसली. आगीनंतर पहिल्यांदा.

२९ मार्च

वनरक्षक संघदीप आले होते. मारेगावकडचे, तरुण, शांत बोलणारे. त्यांच्याही भुवया जळलेल्या होत्या, ते रात्रभर दुसऱ्या डोंगरावर होते. म्हणाले, औंदा जंगल फेब्रुवारीतच पापड झालं, जिथे काडी पडली तिथे भडका. आणि मग म्हणाले, "ही आग नाल्याजवळच्या मोहापासून निघाली. मी माग काढला. एक सालईचं खोड दोन दिवस आतून धुमसत राह्यलं, मंग वारा आला."

बाबुलालकाकांनी शाळेसमोरच्या लिंबाखाली नसाब बसवला. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. काकांनी विचारलं, "नाल्याजवळचा मोह कोनाचा?"

याडी काठी टेकून उठली. "माया. पाला म्या जाळला. गुडघा ठनकत होता, म्हनून थांबली नाई. घरी आली."

मग सगळेच बोलायला लागले. लालीबाई तोंडात पदर धरून बसली होती. नसाबने ठरवलं की नंदाबाईकडून झाड काढून घ्यायचं आणि लालीबाईला द्यायचं, कारण बैल तिचे गेले. आणि घरं उभी करताना नंदाबाईच्या घरच्यांनी आधी सगळ्यांच्या भिंती लिंपायच्या, मग स्वतःची. संघदीपांनी जबाब घेतला. पुढे काय होईल ते साहेब ठरवतील म्हणाले.

याडीने असं का केलं? मला तिचा राग आलाय. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही. उद्या मी बाबुलालकाकांकडे जाणार आणि सांगणार की ही खोटं बोलते, ही त्या दिवशी घरी होती, गुडघ्याला रुईची पानं बांधून बाजेवर पडली होती, उठून परसातसुद्धा गेली नव्हती, तर जंगलात कशी जाईल? झाडाकडे तर फक्त मी गेले होते.

झाडाकडे फक्त मी गेले होते.

३० मार्च

काही लिहिलं नाही.

३१ मार्च

याडीला विचारलं. शाळेमागे, हँडपंपापाशी, कोणी नव्हतं. म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, "खोडात हात घातला तवा समजलं. आत कोयसा हाय, भुगा. दोन दिवस जळल्याशिवाय तसा होत नाई."

मी रडायला लागले. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "पाला जाळाचं कोनं शिकवलं तुले? म्या. मले माया सासूनं शिकवलं. तवा शिमग्याले शेकोटी लागे, दव पडे, खोड ओलं राहे. ते दिवस गेले, अन् म्या तुले त्याच दिवसातलं शिकवलं. मंग लावली कोनं?"

"पण राखेत हात मी घातला नाही, याडी. मी हो म्हणाले तुला."

"आता तोंड बंद ठेव," ती म्हणाली. "मी जुनी हाओ. मले लोक चार दिवस बोलतीन. तू नवी हायेस. तुले जलमभर बोलतीन."

आजच्याइतकं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. आणि मी ऐकलं. खरंच ऐकलं, मनातून सुटल्यासारखं वाटलं मला. इतकी मी नीच आहे हे मला माहीत नव्हतं.

२ एप्रिल

मोह फुलला आहे. सगळं जंगल काळं, जमीन काळी, आणि त्यावर पहाटे टपटप पडणारी पिवळट फुलं. आधी जळल्यामुळे एक फूल लपत नाही. जुन्या बाया म्हणतात इतकी साफ वेचणी कधी झाली नाही. म्हणतात आणि मग वेचत नाहीत, उभ्याच राहतात. वाळवायला कोणाला अंगण नाही. वासाने डोकं जड होतं, चालताना झोपेत असल्यासारखं वाटतं. मला रोज वाटतं आता जागी होईन.

४ एप्रिल

काल संध्याकाळी लालीबाई टोपली घेऊन आली. म्हणाली, "सकाळी चाल मायासंगं. झाड कोनाचं का असंना, दोघी येचू, लवकर होईन. म्हातारी चुकली, तिचं तिच्यापाशी. तुई काय चूक त्यात?"

याडी चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं नाही.

आज उजाडायच्या आत गेलो. राख पायाखाली मऊ लागत होती. धुकं खरंच होतं की काय, की मलाच तसं दिसत होतं. झाडाचा बुंधा एका बाजूने काळा, वर मात्र घोसच्या घोस. फुलं पडत होती, केसांवर, पाठीवर. लालीबाई वाकून वेचत होती आणि बोलत होती, तिचं नेहमीचं, देवीलालच्या हाताला नवी कातडी येतेय, एक बैल तरी घ्यावा लागेल, आधीच्यासारखा गुणी मिळणार नाही, त्यातला डावा कसा तिच्या पदरातलं मीठ चाटायचा. मी तिच्या बाजूला वाकून वेचत होते. मला वाटलं हे असंच चालू राहू दे. ती बोलतेय, फुलं पडतायत, कोणाला काही माहीत नाही. किती सोपं होतं.

मग तिने पाठ सरळ केली आणि म्हणाली, "तू होतीस म्हनून तगली मी, वर्षा. नाईतर त्या शायेतच मेली असती."

मी सांगितलं. वाकलेलीच होते, तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं. याडी घरी होती. मी आले होते. माझा डोळा लागला. खोडातून धूर निघताना मी पाहिला, हसले, आणि आईशी फोनवर बोलायला गेले.

फुलं पडत राहिली. मग तिने विचारलं, "राखेत हात घातला नोयता तू?"

"नाही."

"म्हातारीनं सांगतलं होतं?"

"हो."

तिने टोपली पाहिली. अर्ध्याच्या वर भरली होती. तिने ती माझ्या पुढ्यात, जमिनीवर, हळूच उलटी केली. फेकली नाही. टोपली झटकून काखेत घेतली आणि चालायला लागली. शाळेच्या वाटेला नाही, शेताच्या बांधाकडे, जिथे बैल पुरलेत तिकडे. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही.

उन्हं आल्यावर उठले. तिची फुलं आणि माझी फुलं एकत्र झाली होती, ती तशीच ठेवली. शाळेकडे न जाता बाबुलालकाकांकडे गेले. ते जळल्या तांड्यात विटा रचत होते. मी म्हटलं, "काका, नसाब परत बसवा. याडी खोटं बोलली."